डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’ आलं म्हणून गोळी बंद केली: विट्याकडच्या एका गलाईवाल्या अण्णांचं प्रकरण

माझं विट्यात मेडिकल आहे. काउंटरला उभं राहून रोज शंभर-दीडशे माणसं बघतो, त्यातली बरीच लक्षातही राहत नाहीत, पण कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी झालेल्या अण्णांचं प्रकरण मात्र डोक्यातनं जात नाही आणि त्यांनीच मला सांगितलं की दादा तू लिही, नाव-गाव तेवढं घालू नको. म्हणून नाव, गाव, दवाखाना काही देत नाहीये, बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय.

अण्णा गलाईवाले. खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे सांगलीकरांना सांगायला नको. दुष्काळी भाग, पाऊस नाही, म्हणून कुणी केरळात, कुणी उत्तरेत, अण्णा तमिळनाडूत. वर्षातनं दोनदा गावी येतात, दिवाळीला आणि गावच्या यात्रेला. माणूस माळकरी, दारूचा थेंब नाही, मटण नाही, तंबाखूसुद्धा नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळ्या गावानं “लिव्हर कसं काय गेलं यांचं?” असं ज्या नजरेनं विचारलं ती नजर मी बघितलीय.

२०१७ ला तिकडच्या आपल्या मराठी मंडळींनी रक्तदान शिबिर ठेवलं होतं, अण्णांनी रक्त दिलं आणि पंधरा दिवसांनी ब्लड बँकेतनं फोन आला. रक्त घेतलं की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या आपल्याकडं कराव्याच लागतात, त्यात त्यांचं एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची खूण) पॉझिटिव्ह आलं. तोवर त्यांना काही म्हणजे काही त्रास नव्हता, एकेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस. पुढं तपासण्या झाल्या, एसजीपीटी (लिव्हरच्या सुजेचा आकडा) ९६, एचबीव्ही डीएनए (रक्तात ब चा व्हायरस किती ते) ४ लाख ८० हजार, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) ९.२, म्हणजे लिव्हरला जुनाट होत आलेली सूज आणि थोडं कडकपण. डॉक्टरांनी टेनोफोव्हिर ३०० ची रोज एक गोळी सुरू केली. वर्षभरात डीएनए ‘नॉट डिटेक्टेड’, एसजीपीटी ३१. इथपर्यंत सगळं पुस्तकात असावं तसं झालं.

बिघडलं ते नंतर, आणि एका दिवसात नाही बिघडलं.

गलाईचं काम म्हणजे भट्टीपुढं मांडी घालून दिवसभर बसायचं. अण्णांची कंबर धरायची. तिकडं शेजारच्या दुकानातनं डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणायचे आणि जवळजवळ रोज एक घ्यायचे, कधी दोन. आणि गावी आले की माझ्याकडनं. २०२२ च्या दिवाळीत आणि २०२३ च्या यात्रेत मी स्वतः त्यांना दहा-दहाची पत्ती दिलीय. “अण्णा, दुसरं कुठलं औषध चालू हाय का?” एवढं एक वाक्य मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण कावीळ ब म्हटलं की लोक लांब होतात हे त्यांना माहीत होतं. मला ते वाक्य आजही टोचतं.

टेनोफोव्हिरची ही जुनी गोळी (पूर्ण नाव टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल) किडनीवाटे बाहेर पडते आणि काही माणसांत किडनीच्या नळ्यांना थोडा त्रास देऊ शकते, हाडंसुद्धा थोडी विरळ करते. म्हणून क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनी बिघडली की वाढतो) अधूनमधून बघायचं असतं, फॉस्फरस बघतात, लघवीत प्रोटीन बघतात. एकट्या गोळीनं बहुतेकांना काही होत नाही, वर्षानुवर्षं घेतात लोक. पण तिच्याबरोबर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असली दुखण्याची गोळी रोज चालू असली की किडनीवर दोन्हीकडनं ओझं. अण्णांचं क्रिएटिनिन २०१७ ला ०.९ होतं, २०२२ ला १.१, ऑगस्ट २०२३ ला १.४. तिन्ही कागद एकाच फाईलमध्ये होते. एकापुढं एक ठेवून कुणी बघितले नाहीत, कारण दर वेळी वेगळी लॅब, बऱ्याचदा वेगळा डॉक्टर आणि कागद फाईलमध्ये उलटेसुलटे.

१.४ आल्यावर लॅबमधल्या कुणीतरी सांगितलं की किडनीला जपा. तेवढ्यात एका पाहुण्यानं सांगितलं की ही व्हायरसची गोळी किडनी खाते, आमच्यातल्या एकाची गेली. आणि त्याच आठवड्यात डीएनएचा रिपोर्ट आला, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. अण्णांनी तिन्ही गोष्टी जोडल्या. व्हायरस गेला, किडनी बिघडतीय, मग गोळी कशाला? २०२३ च्या दिवाळीत बाटली संपली ती पुन्हा आणलीच नाही.

मी त्यांना दोष देत नाही. खरं सांगतो, त्या कागदावर जे लिहिलं होतं ते वाचून मीही कदाचित तसंच केलं असतं, माझं शिक्षण फार्मसीचं नसतं तर. पाहुण्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं ना, क्रिएटिनिन खरंच वाढलं होतं. फक्त त्यावरचा इलाज गोळी बंद करणं हा नव्हता, दुखण्याची गोळी बंद करणं आणि डॉक्टरांना विचारून व्हायरसची गोळी बदलून घेणं हा होता. टेनोफोव्हिरचाच दुसरा प्रकार आहे, अलाफेनामाइड, २५ मिलिग्रॅमचा, तो किडनीला आणि हाडांना सोसतो. नाहीतर एन्टेकाव्हिर आहे. रस्ते होते, पण सांगणारं कुणी नव्हतं.

एप्रिल २०२४, यात्रेचा आठवडा. अण्णा दुकानात आले आणि म्हणाले, “दादा, लिव्हरचं एखादं टॉनिक दे, तोंडाला चवच न्हाई.” दुपारची वेळ होती, दारातनं ऊन आत येत होतं, त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि मला डोळे दिसले. हळदीगत पिवळे. मी काउंटरच्या बाहेर आलो, त्यांना स्टुलावर बसवलं, लघवीचा रंग विचारला तर म्हणाले चहागत होतीय. किती दिवस? दहा-बारा दिवस. आणि त्यातले आठ दिवस शेजारच्या गावात एक जण नाकात कसला तरी पाला पिळतो आणि पुडी देतो ते चालू होतं. पथ्य म्हणून ताकभात आणि उसाचा रस.

आपल्याकडं काविळीच्या झाडपाल्यावर लोकांचा एवढा विश्वास का, तर पाण्यातनं होणारी कावीळ, ए आणि ई, ही बहुतेक माणसांत आपली आपण बरी होते, मग ज्यानं पाला दिला त्याचं नाव होतं. ब चं तसं नाही. लहानपणी शिरलेला ब व्हायरस बहुतेकांत आयुष्यभर राहतो. अण्णांना तो बहुधा जन्मताना आईकडनंच आला असणार, त्या काळी लस कुठं होती, आपल्याकडं सरकारी लसीकरणात ब ची लस प्रायोगिक तत्त्वावर आली २००२ च्या सुमाराला आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं.

मी विचारलं, “अण्णा, आधी कधी कावीळ ब निघाली होती का?” बराच वेळ गप्प बसले. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्याबरोबर वहिनी होत्या, त्यांना सहा वर्षं गोळी चालू होती एवढंच माहीत होतं, बंद केलीय हे त्यांना तिथं दुकानात कळलं.

मी टॉनिक दिलं नाही. गाडी करून त्याच दिवशी मिरजेला पाठवलं, पोटाच्या डॉक्टरांकडं.

बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ८.४, एसजीपीटी १,१२०, डीएनए २ कोटी १० लाख, आयएनआर १.६, क्रिएटिनिन १.३. डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की मला एसजीपीटीची एवढी भीती नाही, आयएनआरची आहे. कारण एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशी किती फुटल्या ते, आणि आयएनआर म्हणजे उरलेलं लिव्हर काम करतंय का ते. रक्त गोठायला लागणारे घटक लिव्हर बनवतं, ते कमी पडले की हा आकडा चढतो, आणि तो चढत गेला, माणूस झोपेत-बरळण्यात गेला की मग गोष्ट लिव्हर बदलण्यापर्यंत जाते. असं मरणाच्या दारात गेलेलं माणूस फक्त गोळी बंद केल्यामुळं गेलेलं असू शकतं, हे लोकांना खरं वाटत नाही.

ॲडमिट करतानाच डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, आधी कधी लॅमिव्ह्यूडिन घेतली होती का? ही जुनी गोळी, स्वस्त होती म्हणून खूप जणांना दिली गेली, पण एकटी दिली तर पाच वर्षांत शंभरातल्या सत्तरेक जणांत व्हायरस तिला दाद देईनासा होतो, आणि असा बनेल झालेला व्हायरस पुढं एन्टेकाव्हिरलाही नीट जुमानत नाही. दुसरी, एचआयव्हीची तपासणी झालीय का? कारण यातली औषधं एचआयव्हीवरही परिणाम करतात, आणि एचआयव्ही लपलेला असताना एकटी गोळी दिली तर तो व्हायरस औषधाला सरावतो. तिथल्या तिथं तपासणी झाली, निगेटिव्ह आली.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहिनींना माहीत नव्हतं, अण्णांना गोळीचा रंग आठवत होता, नाव नाही. फाईल तमिळनाडूतल्या दुकानात. मग तिथल्या कामगाराला फोन करून फाईल काढायला लावली, त्यानं भट्टीशेजारच्या ओट्यावर एकेक पान ठेवून फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर चौतीस फोटो पाठवले, काही अंधारे, एकात त्याचाच अंगठा. त्या फोटोंतनं कळलं की लॅमिव्ह्यूडिन कधीच नव्हती, पहिल्यापासनं टेनोफोव्हिरच. आणि त्याच फोटोंत क्रिएटिनिनचे ते तीन आकडे पहिल्यांदा एका नजरेत आले.

किडनी बघून डॉक्टरांनी एन्टेकाव्हिर ०.५ सुरू केली. पालापुडी बंद, दुखण्याच्या गोळ्या बंद. पहिले चार दिवस आयएनआर १.६ वरच अडकून होता, वहिनी रोज संध्याकाळी मला फोन करून आकडा सांगायच्या, त्यांना त्याचा अर्थ कळत नव्हता पण वाढला नाही ना एवढं विचारायच्या. पाचव्या दिवशी १.४. नवव्या दिवशी घरी सोडलं.

घरी आल्यावर मी दोनदा जाऊन बसलो, कारण दवाखान्यात गर्दीत जे सांगतात ते निम्मं कानावरनं जातं. अण्णांचा पहिला प्रश्न हाच, “व्हायरस गेला म्हणून कागदावर लिवलं हुतं की. मग आला कुठनं?”

मी त्यांना हराळीचं सांगितलं. रानात हराळी वरनं खुरपली तर रान स्वच्छ दिसतं, पण कांड्या जमिनीत असतात, खुरपणी थांबवा की पंधरा दिवसांत हिरवं. हा व्हायरस लिव्हरच्या पेशीच्या गाभ्यात स्वतःची एक गोल प्रत ठेवून देतो, ती तिथंच बसून राहते. गोळी त्या प्रतीला हात लावत नाही, गोळी फक्त तिच्यावरनं नवीन व्हायरस तयार होणं थांबवते, म्हणून रक्तात काही सापडत नाही. ‘नॉट डिटेक्टेड’चा अर्थ एवढाच की गोळी काम करतीय. अण्णा म्हणाले, “मग खुरपं ठेवायचं न्हाई म्हणा की खाली.” मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मग कधीच बंद करायची नाही का, तर तसंही नाही. एचबीएसएजीच निगेटिव्ह झालं आणि तसंच राहिलं तर डॉक्टर बंद करण्याचा विचार करतात, थोड्यांच्या नशिबात ते असतं. सिरॉसिस (लिव्हर पार कडक होऊन जाणं) नसलेल्या काही निवडक जणांतही बंद करून बघतात, पण तेव्हा वरचेवर रक्त तपासत राहतात. अण्णांनी बंद केली तेव्हा पाच महिने एकही तपासणी नव्हती. टेनोफोव्हिर बंद केली की उसळी बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांतच येते, एन्टेकाव्हिरनंतर जरा उशिरा येऊ शकते, त्यामुळं “दोन महिने झाले, काही झालं नाही” याला काही अर्थ नाही.

आता एन्टेकाव्हिरचं एक पथ्य आहे, रिकाम्या पोटी. जेवणानंतर दोन तास काही नाही, गोळीनंतर दोन तास काही नाही, कारण अन्नाबरोबर ती अंगात कमी उतरते. टेनोफोव्हिर ३०० ला ही भानगड नव्हती, अलाफेनामाइड उलट जेवणाबरोबरच घ्यायची असते, म्हणजे गोळी बदलली की वेळही बदलते आणि हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. अण्णा आठला जेवतात, दहाला हरिपाठ उरकून झोपतात, तर ठरवलं की हरिपाठ झाला की गोळी. वहिनींनी देवघरातल्या कॅलेंडरवर रोज एक टिंब करायचं. एखाद्या रात्री राहिली तर दुसऱ्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, पण पुढच्या गोळीची वेळच झाली असेल तर एकच, दोन मिळून कधीच नाही.

बाटली कुठं ठेवायचे विचारलं तर म्हणाले, दुकानात, भट्टीच्या वरच्या फळीवर. सहा वर्षं. आणि आतली ती सिलिका जेलची पुडी पहिल्या दिवशीच फेकून दिलेली. गोळ्या कोरड्या आणि थंड जागी, मूळ बाटलीतच, पुडी आत ठेवूनच, असं सांगितलं. आणि कमीत कमी पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या हाताशी पाहिजेतच. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या दुकानात कित्येक दिवस माल आला नव्हता, त्या दिवसांत बीपी-शुगरची माणसं रडकुंडीला आलेली मी बघितलीत.

पैशाचं पण बोललो. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासण्या आणि ही औषधं दोन्ही मोफत आहेत, सरकारी उपचार केंद्रांतनं मिळतात. अण्णा सात वर्षांत हे ऐकलेच नव्हते. मी मेडिकलवाला आहे, माझा धंदा गोळ्या विकायचा, तरी सांगतो की आयुष्यभराची गोळी असेल तर आधी तिकडं चौकशी करा. जे परराज्यात राहतात त्यांनी निघायच्या आधीच विचारून ठेवावं, पुढच्या गोळ्या कुठनं, कुठल्या कागदावर.

घरातलं एक राहिलं. मी गेलो तेव्हा वहिनींनी पोहे दिले, अण्णांची बशी वेगळी होती. तिला खालनं नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला. ताट, तांब्या, वाटी, सगळ्यावर ठिपका. सात वर्षं त्यांचं ताट वेगळं घासलं जात होतं, आणि सात वर्षांत वहिनींची आणि पोरांची तपासणी मात्र एकदाही झाली नव्हती. जेवणातनं, एका ताटातनं, मिठी मारण्यातनं हा पसरतच नाही. रक्तातनं, शरीरसंबंधातनं, आईकडनं बाळाला, असा पसरतो, म्हणून दाढीचं ब्लेड, नेलकटर, ब्रश वेगळा पाहिजे, ताट नाही. अण्णांचं ब्लेड पोरगा वापरत होता.

सगळ्यांची रक्तं घेतली. वहिनी निगेटिव्ह, अंगात प्रतिकारशक्तीही नाही, त्यांना लसीचे तीन डोस, आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. पोरगा निगेटिव्ह, त्यालाही लस. पोरीला लहानपणी लस झालेली, तिची पातळी चांगली. आणि अण्णांचा धाकटा भाऊ, तोही गलाईवाला, उत्तरेत असतो, तो पॉझिटिव्ह निघाला. त्याचा डीएनए कमी, एसजीपीटी नॉर्मल, सध्या गोळी नाही, फक्त सहा महिन्यांनी तपासणी. त्याला मी फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगितली की गुडघ्यासाठी, दम्यासाठी, कशासाठीही कुणी स्टेरॉइड द्यायला लागलं, किंवा देव न करो कॅन्सरचं औषध लागलं, तर आधी ब पॉझिटिव्ह आहे म्हणून सांगायचं, कारण त्या औषधांनी शांत बसलेला व्हायरस उसळू शकतो.

अण्णांचं पुढं असं झालं. महिन्यानं बिलिरुबिन २.१, तीन महिन्यांनी एसजीपीटी ४४ आणि डीएनए १,९००, क्रिएटिनिन १.१. वर्षानं पुन्हा ‘नॉट डिटेक्टेड’. फायब्रोस्कॅन मुद्दाम उशिरा केला, कारण सूज असताना तो आकडा खोटा मोठा येतो. वर्षानं १०.८ आला, आधीच्या ९.२ पेक्षा जास्त. ते पाच महिने लिव्हरवर थोडी खूण ठेवून गेले असं डॉक्टर म्हणाले. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कायमची, कारण कडक होत चाललेल्या लिव्हरमध्ये गाठ होण्याची भीती गोळीनं कमी होते, संपत नाही.

या यात्रेला आले होते. कंबर अजून धरतेच, काम तेच आहे. पॅरासिटामॉल मागितली, दिवसाला किती चालेल ते डॉक्टरांकडनं कागदावर लिहून आणलं होतं. फाईल नवीन, कागद तारखेप्रमाणं लावलेले, सगळ्यात वर पोरीच्या अक्षरात एक पान: गोळीचं नाव, कधी सुरू झाली, आधी कुठली होती, का बदलली, आणि क्रिएटिनिनचे सगळे आकडे एकाखाली एक. तेच पान मोबाईलमध्येही आहे. धाकटा भाऊ बरोबर होता, त्याचा डीएनए दिवाळीत पुन्हा काढायचाय, वाढला असेल तर गोळी सुरू करायची का ते तेव्हा डॉक्टर ठरवतील. त्यानं माझ्याकडनं एक कोरी फाईल घेतली आणि पोरीला म्हणाला, माझं पण पहिलं पान लिहून दे.